मठाच्या अंगणात सुरू झालेलं भांडण

दादा,

तुझ्या घरात मला एका जागी बसवत नाही. हे लिहायचं म्हणून तुझ्या जेवणाच्या टेबलाशी बसले, तर आधी पाणी प्यायला उठले. मग पडदा सारखा करायला उठले. मग काही काम नसताना बेसमेंटमध्ये जाऊन तुझी बिअर करायची पातेली, रबरी नळ्या, काचेचे बुधले बघून आले. सगळं धुऊन पालथं घातलेलं आहे. हॉस्पिटलमध्ये जायच्या आदल्या दिवशी तू ते धुवत होतास आणि मी वरून ओरडत होते, आता तरी आराम कर. वर आले तर बर्फ पडायला लागलेला. फावडं घेऊन ड्राइव्हवे साफ करायला गेले. शेजारचा माणूस म्हणाला, अजून पडतंय, थांबलं की कर. तरी मी अर्धा केलाच.

इरा म्हणते, "आत्या, प्लीज, जरा बस ना." तुझी लेक सध्या माझ्याशी मराठीत बोलायचा फार प्रयत्न करते आहे. एडिसनला परतायचं माझं विमान मी पुढं ढकललं, ते पुन्हा एकदा ढकललं. घरी जाऊन तरी काय करणार? तिथंही मी अशीच या खोलीतून त्या खोलीत फिरत राहणार.

परवा इथल्या मराठी मंडळातले लोक भेटायला आले होते. सगळे म्हणत होते, सुधीर म्हणजे किती शांत माणूस, कधी कुणाशी वाद नाही की आवाज चढवणं नाही. मी मान हलवत होते. मनात म्हणत होते, तुम्हाला काय माहीत. ऑक्टोबरात हा शांत माणूस जर्मनीतल्या अख्ख्या बव्हेरियाभर माझ्याशी भांडला. मठाच्या अंगणात भांडला, ट्रेनमध्ये भांडला, आल्प्सचे डोंगर समोर ठेवून भांडला. आणि ते भांडण अर्ध्यावर टाकून निघून गेला.

विनू गेल्यापासून मी बोलणंच कमी केलं होतं. नवरा गेलेल्या बाईला जो तो काहीतरी सुचवतो. योगा कर, ग्रुप जॉइन कर, इंडियात जाऊन ये. तू काही सुचवलं नाहीस. रविवारी सकाळी फोन करायचास. मी 'हो', 'नाही', 'बरं' एवढंच म्हणायचे, आणि तू तिकडून या वेळच्या बिअरमध्ये काय बिघडलं, यीस्ट कसं रुसलं, बेसमेंट कसं गार पडलं, हे सांगत बसायचास. जन्मभर पावाच्या कंपनीत यीस्ट सांभाळलंस आणि रिटायर झाल्यावर घरातही तेच मांडून बसलास. बाबा एकदा तुझ्याकडे आले होते तेव्हा बेसमेंटच्या दारात उभं राहून म्हणाले होते, "गोठ्यात आंबोण शिजतंय असा वास येतोय रे." तू म्हणालास, लॅबचं काम आहे. कराडच्या आपल्या घरात ज्या माणसानं चहासुद्धा फिका प्यायला, त्याला तू बिअर कशी सांगणार होतास? बाबा गेले, तुझं लॅबचं काम तसंच राहिलं.

मग उन्हाळ्यात एका रविवारी तू म्हणालास, "शैलू, जर्मनीला जाऊ."

"तिथं काय आहे?"

"डोंगर आहेत. मठ आहेत. मठातले साधू बिअर करतात, शेकडो वर्षं करतायत."

"साधू?"

"हो. आणि त्यांच्या अंगणात बसून आपण ती प्यायची. तू नको पिऊस. तू खा."

मला वाटलं चेष्टा करतोयस. पुढच्या रविवारी तू तिकिटं काढली होतीस.

हे मी तुला कधी सांगितलं नाही, पण म्युनिकच्या विमानतळावर तू दिसलास तेव्हा मला तू एकदम म्हातारा वाटलास. तुझा शर्ट खांद्यावर सैल झाला होता. मी म्हटलं, डाएट करतोयस का? तू म्हणालास, "जागा करतोय. इथं पुष्कळ खायचंय."

आणि खाल्लंही. पहिल्या दिवशी त्या चेस्टनटच्या झाडांखाली लांबच लांब बाकांवर आपण बसलो, अनोळखी माणसांच्या मांडीला मांडी लावून. कुणाच्याही टेबलाशी बसायचं असेल तर म्हणायचं, 'इस्ट हिअर फ्राय?' ही जागा मोकळी आहे का? एवढं एकच वाक्य तू पाठ करून आला होतास आणि ते तू जिथं तिथं वापरत होतास, ट्रेनमध्ये, लिफ्टमध्ये, एकदा तर स्वच्छतागृहाच्या दारावरही. मी हसले नाही. तू माझ्याकडे बघत होतास, हसते का म्हणून.

मग तो पांढरा मुळा आला. सोललेला, एका अखंड नागमोडी पट्टीसारखा कापलेला, वर मीठ. मीठ लागून त्याला पाणी सुटलेलं. मी एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाले, "दादा, हा तर आईचा मुळा." आई असाच मीठ लावून ठेवायची, पाणी सुटेपर्यंत हात लावू द्यायची नाही. एवढं मोठं वाक्य मी बऱ्याच दिवसांनी बोलले असेन. तू उठलास आणि आणखी एक प्लेट घेऊन आलास.

मला तू लिंबाच्या सरबतात मिसळलेली बिअर आणून दिलीस. म्हणालास, ह्याला इथं सायकलवाला म्हणतात, सायकल चालवता चालवता पिता येईल इतकी सौम्य. मी अर्धी प्याले. बाबा वरून बघत असतील असं वाटून ग्लास थोडा तुझ्याकडे सरकवला. तू तो परत माझ्याकडे सरकवलास. "बाबा इथं कशाला येतील? त्यांना व्हिसा कोण देणार?" त्यावर मात्र मी हसले. तुझा चेहरा असा काही उजळला की मला नंतर हसायचं जरा ओझंच वाटायला लागलं.

काळ्या, दाट, गोडसर बिअरची गोष्ट तू मला दोनदा सांगितलीस. पूर्वी उपवासाच्या दिवसांत साधूंना जेवायची बंदी असायची, पण पेय प्यालं तर उपवास मोडत नाही असा नियम होता. मग त्यांनी बिअरच इतकी दाट केली की पोट भरावं. "म्हणजे आपली साबुदाण्याची खिचडी गं," तू म्हणालास. "उपवास तर उपवास, वर दाण्याचं कूट."

ती बिअर प्यायला तर आपण त्या टेकडीवरच्या मठात निघालो होतो. तळ्याकाठी ट्रेन संपते. तिथून ओढ्याच्या कडेनं, बीचच्या झाडांच्या जंगलातून वाट वर जाते. बसही होती. मी बस म्हणाले, तू चालत म्हणालास. लोक शेकडो वर्षं चालत गेलेत, म्हणालास, भूक लागल्याशिवाय मजा नाही.

थोडं चाललो आणि तू थांबलास. "झाडं बघ."

बघितली. पानं पिवळी व्हायला लागली होती, ऊन गाळून खाली येत होतं. पुन्हा चाललो. पुन्हा थांबलास. "हे बघ, मुळं कशी वर आलीत."

"मघाशीही तू मुळंच दाखवलीस."

"ही वेगळी आहेत."

वर जाता जाता वाट चढणीची झाली, पायऱ्या लागल्या. तू कठड्याला धरून उभा राहिलास. कपाळावर घाम आणि ओठांचा रंग उतरलेला. मी तुझ्या पाठीवर हात ठेवला तर शर्ट भिजलेला. तू म्हणालास, "वर गेल्यावर सांगतो. आधी बिअर."

वर पोचलो. मठाचं अंगण उन्हात होतं. खाली शेतं, पलीकडे तळं, आणि लांब दक्षिणेला आल्प्सची निळी रांग. आपल्या टेबलावर एक म्हातारं जोडपं बसलं होतं, त्यांना तू तुझं वाक्य म्हटलंस, त्यांनी हसून जागा दिली. तू जाऊन ती काळी बिअर आणलीस, पहिला घोट घेतलास आणि डोळे मिटलेस. आईनं पुरणाची चव बघताना मिटावेत तसे.

"सांग आता."

"हार्टची एक झडप आहे. आवळत चाललीय. बदलायला सांगितलीय."

"मग?"

"मग काही नाही. नाही बदलायची."

मला आधी कळलंच नाही. बैठकीच्या खोलीचे पडदे बदलायचे नाहीत, अशा सुरात तू ते बोललास.

"छाती उघडून?"

"हो. माझ्या बाबतीत दुसरा मार्ग नाही म्हणतात."

"आणि हे घेऊन तू आत्ता डोंगर चढलास?"

"टेकडी आहे गं."

"सुधीर!"

आई चिडली की तुला नावानं हाक मारायची. माझ्या तोंडून ते कसं निघालं मला माहीत नाही. मी उभी राहिले होते. त्या अंगणातले ग्लास वाजायचे थांबले. मी काय काय बोलले ते सगळं आता आठवत नाही, पण मराठीत बोलले, मोठ्यानं बोलले, आणि मध्ये श्वास घेतला नाही. तुला काही लाजलज्जा आहे का, इराला माहीत आहे का, मला इथं परदेशात आणून माझ्या डोळ्यांदेखत मरायचं होतं का. तू शांतपणे म्हणालास, "बस. लोक बघतायत."

"बघू देत!"

"शैलू, विनूला मी बघितलंय. त्या नळ्या. बांधलेले हात. बोलता येत नव्हतं, डोळ्यांनी सांगत होता, काढा. मला तसं जायचं नाही. आज इथं आलो, ही बिअर प्यालो, उद्या संपलो तर वाईट काय?"

"तुझं काही वाईट नाही. आमचं आहे."

आणि मी तिथून निघाले. मठाच्या चर्चमध्ये शिरले. आत सगळीकडे सोनं, गुलाबी-पांढरे देवदूत, मेणबत्त्या. एका बाकावर बसले आणि लगेच उठले. बाहेर आले. उतरणीला लागले, पुन्हा वर आले. विनूचं नाव तू काढायला नको होतंस असं वाटत होतं. आणि खरं तर कुणीतरी ते काढायला हवं होतं असंही. त्याचे बांधलेले हात मी एकटीनंच बघितले असं मी धरून चालले होते.

परतले तेव्हा तू त्या म्हाताऱ्या जोडप्याशी खुणांनी गप्पा मारत होतास. माझ्या जागेवर चीजमध्ये घोळलेल्या पिठाच्या बुटक्या शेवया वाफाळत होत्या, वर तळलेला कांदा. तू म्हणालास, "खा. रिकाम्या पोटी भांडायचं नाही." त्या बाईनं मला मोडक्या इंग्रजीत विचारलं, हा तुझा नवरा का? मी म्हटलं, भाऊ. तिनं तिच्या मुळ्याची प्लेट माझ्याकडे सरकवली आणि गंभीरपणे म्हणाली, भाऊ असेल तर ओरडावंच लागतं.

आपण परत येताना बसनं आलो. एवढं तू माझं ऐकलंस.

पुढं गार्मिश, मग मिटेनवाल्ड. डोंगराच्या पायथ्याची ती गावं, घरांच्या भिंतींवर रंगवलेले संत आणि शेतकरी, खिडक्यांत लाल फुलं. मी त्यातलं काय बघितलं? मी तुझी चाल बघत होते, तुझे ओठ बघत होते, तू जिना चढताना तुझ्या मागे राहत होते. नाश्त्याला भांडलो, जेवताना भांडलो. तू डुकराच्या तंगडीची कुरकुरीत कातडी सुरीनं फोडायचास आणि मी म्हणायचे, ह्यानंच झडप बिघडली. तू म्हणायचास, झडपेला चवीतलं काही कळत नाही. एका खानावळीत तू तुझं वाक्य न म्हणताच कोपऱ्यातल्या टेबलाशी जाऊन बसलास, आणि हॅटवाल्या एका म्हाताऱ्यानं येऊन वरच्या पाटीकडे बोट केलं. ते टेबल गावातल्या रोजच्या मंडळींचं, पिढ्यान्‌पिढ्या राखून ठेवलेलं. तू उठायला लागलास, तर आपण कुठून आलो हे विचारून त्यानं तुला खांद्याला दाबून परत बसवलं. मग ती सगळी म्हातारी माणसं आली आणि मध्ये आपण दोघं. ते त्यांच्या बोलीत भांडत होते, आपण आपल्या. कुणालाच वावगं वाटलं नाही.

मिटेनवाल्डला शेवटच्या दुपारी आपण चौकातल्या त्या कॅफेबाहेर बसलो होतो. मोडलेल्या गोड धिरड्यासारखा तो पदार्थ आला होता, वर पिठीसाखर आणि बाजूला आलुबुखारची चटणी. डोंगरावर नवा बर्फ दिसत होता. मी थकले होते. माझे मुद्दे संपले होते, डॉक्टर झाले, इरा झाली, नव्या औषधांच्या गोष्टी झाल्या. मी म्हणाले, "दादा, तू गेलास तर कराडच्या घराबद्दल मी कुणाशी बोलू?"

"काय बोलायचंय त्या घराबद्दल?"

"काहीही. परसातलं पपनस. बाबांच्या सायकलची घंटी कोपऱ्यावर वाजली की आई चहाचं आधण ठेवायची ते. तू सोडून ती घंटी ऐकलेलं माणूस जगात उरलंय का?"

तू चमच्यानं पिठीसाखर गोळा करत राहिलास. मग म्हणालास, "बरं. करतो."

"काय करतोस?"

"ऑपरेशन. जिंकलीस."

मला इतकं हलकं वाटलं की मी ती सबंध प्लेट एकटीनं संपवली. तू बघत होतास आणि हसत होतास.

पुढचं तुला माहीत नाही. म्हणजे तिथवरचं माहीत आहे, की ऑपरेशन छान झालं. सर्जन बाहेर येऊन म्हणाली, झडप उत्तम बसलीय. तू शुद्धीवर आलास, तुला खुर्चीत बसवलं, तू नर्सकडे ताक मागितलंस आणि तिला ते काय असतं हे समजावत बसलास. इरानं घरून योगर्ट घुसळून आणलं, जिरं घालून. तू अर्धा कप प्यालास आणि म्हणालास, मीठ कमी आहे. ते तुझं शेवटचं वाक्य ठरेल असं आम्हाला वाटलं असतं तर आम्ही मीठ आणायला पळालो असतो. दुसऱ्या दिवशी पहाटे मेंदूत गुठळी अडकली. थँक्सगिव्हिंगला आम्ही तुझ्या खोलीत बसून होतो, तू होतास आणि नव्हतास. आणि मग नव्हतासच.

डॉक्टर म्हणाले, क्वचित काही पेशंट्सच्या बाबतीत असं होतं. हेही म्हणाले की केलं नसतं तरी फार दिवस मिळाले नसते. दोन्ही वाक्यं खरी असतील. मला ती एका वेळी पेलत नाहीत. एक उचललं की दुसरं हातातून सुटतं. तुला मिळाले असते ते दिवस, थोडे असोत, कसे असते? एखाद्या टेकडीवर गेला असतास का? तुझ्या बुधल्यांत आणखी एखादी बिअर उतरली असती का? मी इथं चालत राहते. नदीकाठच्या वाटेनं जाते, स्टेशनपर्यंत जाते, शिकागोची गाडी येते, माणसं उतरतात, मी परत फिरते.

परवा मंडळातली माणसं आली तेव्हा नलिनीकाकूंनी डाळ-भाताचा डबा आणला होता. फार प्रेमानं. माझा हात हातात घेऊन त्या म्हणाल्या, "तुम्हीच फार मागे लागलात ना हो ऑपरेशनच्या? सुधीर सांगायचा, बहिणीनं ऐकलं नाही म्हणून." त्यांच्या मनात वाकडं काही नव्हतं. मी "हो" म्हणाले, उठले, हुकावरची तुझी किल्ली घेतली आणि गॅरेजमध्ये जाऊन तुझ्या गाडीत बसले. गाडी सुरू केली नाही. कुठं जायचं तेच माहीत नव्हतं.

इरा नुसत्या मोज्यांवर मागे आली आणि बाजूच्या सीटवर बसली.

"आत्या, व्हॉट हॅपन्ड?"

"मी त्याच्या मागे लागले, इरा. तो नको म्हणत होता. मी त्याला भरीला घातलं."

"कशाच्या मागे?"

"ऑपरेशनच्या."

ती माझ्याकडे वळली. "आत्या, नो. डेट तर तुम्ही जर्मनीला जायच्या आधीच घेतली होती. मी होते रूममध्ये. बाबानं डॉक्टरला हो सांगितलं. त्यानं मला प्रॉमिस केलं होतं की ट्रिपमध्ये नो क्लाइंबिंग."

मला तिचं बोलणं पुन्हा ऐकावं लागलं. मी म्हटलं, "मग सगळी ट्रिप माझ्याशी का भांडला?"

"आय डोन्ट नो." मग ती म्हणाली, "तो प्रत्येक वीकला म्हणायचा, कॅन्सल करू का. मी म्हणायचे, बाबा, अप टु यू. मला त्याला पुश नव्हतं करायचं. आय वॉज स्केअर्ड." ती रडायला लागली होती. "त्या मॉनेस्टरीतून फोन केला होता त्यानं. ही वॉज सो हॅपी, आत्या. म्हणाला, शैलू मला ओरडली. सगळ्यांसमोर. अगदी आईसारखी. विनूकाका गेल्यापासून फर्स्ट टाइम तिचा आवाज ऐकला."

दादा, मला आधी सुटल्यासारखं वाटलं. मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले, ती माझ्या. आणि मग, तिथं बसल्या बसल्याच, मला तुझा असा राग आला की मी स्टिअरिंगवर हात मारला. हॉर्न वाजला, आतून सगळे धावत आले.

म्हणजे काय केलंस तू? मिटेनवाल्डला 'जिंकलीस' म्हणालास तेव्हा काय चाललं होतं तुझ्या मनात? मला बोलतं करायला तू स्वतःची झडप वापरलीस? की खरंच डळमळला होतास, आणि दर आठवड्याला इरा जे बोलत नव्हती ते कुणीतरी बोलावं म्हणून मला समुद्रापलीकडे नेलंस? त्या अंगणातून मी चर्चमध्ये गेले, उतरणीला लागले, तेवढ्यात तू आनंदानं तिला फोन करत होतास! हे तू मला सांगायला हवं होतंस. मी तुला आणखी एकदा ओरडले असते. हा हक्क तू माझ्याकडून काढून घेतलास.

आणि तरी. तू मला नेलं नसतंस तर मी अजूनही रविवारी फोनवर 'हो', 'बरं' म्हणत असते. हल्ली मी बोलते. इराशी बोलते, शेजाऱ्याशी बर्फावरून वाद घालते, काल फार्मसीतल्या माणसाशीही घातला. विनूबद्दल बोलते. त्याच्या बांधलेल्या हातांबद्दल मी इराला सांगितलं, आणि तिनंही तुझ्याबद्दल मला सांगितलं, जे आम्ही दोघी एकमेकींपासून लपवत होतो. हे तुझ्यामुळे. त्याबद्दल तुझे आभार मानायचे की तुझ्याशी भांडायचं, हे मला ठरवता येत नाही, म्हणून दोन्ही चाललंय.

एक गोष्ट मात्र मी इरालाही सांगितलेली नाही. ऑपरेशनच्या सकाळी ती गाडी लावायला गेली होती, खोलीत आपण दोघंच होतो. तुझ्या डोक्यावर ती निळी टोपी, चष्मा काढलेला. न्यायला माणूस आला, पलंगाची चाकं सोडवली. तू छताकडे बघत म्हणालास, "शैलू, घाबरलोय गं."

उभ्या जन्मात तू असं काही म्हणाला नव्हतास. घरातून एकटा अमेरिकेला निघालास तेव्हा नाही, वहिनी वेगळी झाली तेव्हा नाही. मी आपली नेहमीसारखी खेकसले, "घाबरतोस काय, मी आहे ना." तू मान हलवलीस, लहान मुलासारखी.

आता वाटतं, एवढं एकच वाक्य तुला सगळी ट्रिपभर म्हणायचं होतं. ते म्हणता येत नव्हतं म्हणून 'नाही बदलायची' म्हणत होतास, झाडं आणि मुळं दाखवत होतास. मी तुझ्याशी भांडत नव्हतेच, दादा. तुझ्या भीतीशी भांडत होते, आणि तूही तेच करत होतास.

पलंग निघाला. कॉरिडॉरमधून मी बाजूनं चालत होते. तुझा हात गार होता, माझ्या हातात होता. ऑपरेशन थिएटरच्या दारापाशी नर्स म्हणाली, इथवरच. तिनं आपली बोटं हळूच सोडवली. मी सोडली नव्हती.

तुझी,
शैलू